आंब्याच्या मोडक्या पेटीचा निवडायचा ट्रे

बारीकसारीक वस्तू साठवायचा डबा वेगळा आणि त्या निवडायचा ट्रे वेगळा. ही दोन्ही कामं एकाच खणांच्या डब्याकडून करून घ्यायला गेलं की पंचाईत होते. खण खोल, कोपरे काटकोनी. वायसर बोटाला लागतो पण चिमटीत येत नाही. एका खणातले खिळे काढायला अख्खा डबा उलटा करावा लागतो आणि शेजारच्या खणातलेही सोबत येतात. निवडायला हवी उथळ, मोकळी जागा, हाताशी चार-पाच वाट्या, आणि काम झाल्यावर उरलेलं एका तोंडातून बरणीत ओतायची सोय.

आपल्या सुपात यातलं बरंचसं आधीपासून आहे. मागची कड उंच, बाजू पुढे येताना उतरत्या, पुढून मोकळं. खाली सांगितलेला ट्रे म्हणजे सुपाचीच आखणी. फक्त मागे सुट्या वाट्या आणि एका कोपऱ्याला तोंड जोडलेलं.

कोकण किनारपट्टीवरच्या घरात अशा ट्रेला काम कमी नसतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा गळ, शिसं, कड्या यांची आवराआवर निघते. मृगाच्या आधी राखेत ठेवलेलं पडवळ, दोडकं, भेंडी, चिबूड यांचं बी बाहेर येतं. वाडीत ठिबक असेल तर जॉइनर, ड्रिपर आणि टोप्यांची एक पिशवी असतेच. शिवणकाम करणाऱ्या बायकांचे हूक, बटणं आणि मणी तर विचारूच नका.

आता हवेचं बघू, कारण इथे ट्रे कशाचा करायचा ते हवाच ठरवते. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यात समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं. हे मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि लोखंडावर ओल धरून ठेवतं, म्हणून घाटावर वर्षानुवर्षं टिकणारा खिळा आपल्याकडे लवकर गंजतो आणि लाकडात काळा डाग सोडतो. पुठ्ठा आणि वर्तमानपत्राच्या लगद्याचे सुबक ट्रे बरेच जण करून दाखवतात. आपल्याकडे ते श्रावण संपायच्या आत मऊ पडून बुरशी धरतात. म्हणून पुठ्ठा नको, लोखंडी खिळा नको. लाकूड, पीव्हीसी आणि पितळ, एवढ्यावर भागवायचं.

काय जमवायचं

तळासाठी परीक्षेचं जुनं हार्डबोर्डचं पॅड. ज्या घरात मुलं शिकली त्या घरात माळ्यावर एखादं तरी सापडतं. साधारण ३५ × २५ सेंटिमीटरचं असतं. तुमचं मोजून घ्या आणि पुढची मापं त्याप्रमाणे बदला. काठांसाठी आंब्याच्या मोडक्या लाकडी पेटीच्या चार-पाच पट्ट्या. हल्ली बराच माल पुठ्ठ्याच्या खोक्यांतून जातो, तरी मे महिना सरता सरता बागायतदारांच्या पडवीत मोडक्या पेट्या पडून असतात, मागितल्या तर कोणी नाही म्हणत नाही. वाट्यांसाठी ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा ३० सेंटिमीटर तुकडा, म्हणजे पंपाची लाइन टाकताना उरतो तो. ओतायच्या तोंडासाठी गोड्या तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन. शिवाय बांबूच्या कामट्या, पाण्याला टिकणारा फेव्हिकॉल, पाइप जोडायचं सोल्युशन, दोन-चार छोटे पितळी स्क्रू, पॉलिश पेपर (८० आणि १५० नंबर), अळशीचं बेलतेल (उकळलेलं तेल) आणि घरात उरलेला थोडा रंग. हत्यारांत हॅक्सॉ, बारीक दातांची करवत, पक्कड, कानस, पट्टी आणि भोक पाडायला ड्रिल.

पेटी सोडवताना

पेटीच्या पट्ट्या पातळ असतात. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटल्या की खिळ्याजवळ हमखास चिरतात. त्याऐवजी आतून लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने पट्टी अर्धा सेंटिमीटर बाहेर ढकला. मग बाहेरून त्याच पट्टीवर हलके ठोकून तिला परत आत बसवा. पट्टी मागे जाते, खिळ्याचं डोकं मात्र वर उभं राहतं. ते पक्कडीत धरून सरळ ओढायचं. पट्टी अख्खी हातात येते.

प्रत्येक पट्टी उजेडात धरून बघा. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली आणि आपटल्यावर पिठासारखा भुसा पडला तर तिला किडा लागलाय. ती चुलीत घाला, ट्रेत नको. चांगल्या पट्ट्या दोन-तीन कडक उन्हं खाऊ द्या. मग ८० नंबरच्या कागदाने आणि शेवटी १५० नंबरने घासा, रेषांच्या दिशेने. हे लाकूड रवाळ असतं, बारीक कुसळं निघतात. ट्रेच्या काठावर रोज मनगट टेकणार आहे, तेव्हा घासण्यात कंजुषी करू नका.

तळ आणि काठ

पॅडची क्लिप काढून टाका. ती रिव्हेटने बसवलेली असते. मागच्या बाजूचं रिव्हेटचं डोकं कानशीने उडवलं की सुटते. राहिलेली भोकं भुसा आणि फेव्हिकॉल कालवून बुजवा, वाळल्यावर घासून सपाट करा.

पट्टी ८ मिलिमीटर जाड धरली तर मागचा काठ ३५ सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर उंच. बाजूचे दोन काठ मागच्या काठाला टेकून पुढे येतात. मागे ४ सेंटिमीटर उंच आणि पुढे दीड. पट्टीवर तिरकी रेघ मारून करवतीने कापा, बाजू सुपासारखी उतरती होते. पुढचा काठ फक्त दीड सेंटिमीटर उंच ठेवायचा, म्हणजे हात आत-बाहेर करताना मनगट अडत नाही. उजवा काठ पॅडच्या पुढच्या कडेपर्यंत न्यायचा. डावा पुढच्या काठापाशी थांबतो. आणि पुढचा काठ उजव्या काठाच्या ३ सेंटिमीटर अलीकडे संपवायचा. ती मोकळी जागा म्हणजे ओतायचं तोंड. डावखुऱ्या माणसासाठी करत असाल तर हे सगळं उलट, तोंड डावीकडे.

फेव्हिकॉल लावून काठ बसवा, वर वजन ठेवून रात्रभर सोडा. नुसत्या गोंदावर विसंबू नका. दुसऱ्या दिवशी तळाकडून दर सात-आठ सेंटिमीटरवर ३ मिलिमीटरचं भोक पाडा, काठात दीड-दोन सेंटिमीटर शिरेल असं. त्यात बांबूच्या खुंट्या ठोकायच्या. सिंधुदुर्गात माणगा बांबू कुठेही मिळतो. त्याची कामटी चाकूने गोल तासली की खुंटी तयार. टोकाला थोडा फेव्हिकॉल, हातोडीचा हलका ठोका, वर राहिलेलं टोक करवतीने छाटून टाका. पुढचा काठ बुटका आहे, तिथे भोक एका सेंटिमीटरवर थांबवा. अशा जोडात गंजण्यासारखं काही उरत नाही.

वाट्या

ट्रेचं खरं सुख या वाट्यांत आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

सपाट तळाच्या खणातून बारीक वायसर उचलायला नख लागतं. गोल तळाच्या वाटीत तोच वायसर बोटाने ओढला की भिंतीवर चढत वर येतो. करवंटीतही हे होतं, पण करवंट्या गोल असल्याने शेजारीशेजारी ठेवल्या तर मधली जागा फुकट जाते आणि त्या डुगडुगतात. उभा चिरलेला पाइप रांगेत नीट बसतो.

पाइपचे ६ सेंटिमीटर लांबीचे तीन तुकडे कापा. काटकोनात कापायला सोपी युक्ती: कागदाची सरळ कडेची पट्टी पाइपभोवती गुंडाळा, कड कडेवर जुळली की त्या रेघेवर पेन्सिल फिरवा. मग प्रत्येक तुकडा उभा चिरून दोन पन्हळी करा. लांब पाइप उभा चिरणं जिवावर येतं, ६ सेंटिमीटरचं कडं मात्र दोन मिनिटांत चिरतं. सहा अर्धे तुकडे मिळतील: पाच वाट्यांसाठी, सहावा ढिगातून भरून घ्यायची सुपली म्हणून.

उरलेल्या पाइपचं ८ सेंटिमीटरचं एक कडं एका बाजूने चिरा आणि उकळत्या पाण्यात पक्कडीने धरा. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मऊ झालं की दोन फळ्यांमध्ये दाबून वर पाटा ठेवा. गार होईपर्यंत हात लावू नका. सपाट पत्रा तयार. भांडं मात्र स्वयंपाकातलं नको. आणि पाइप आगीवर धरून मऊ करायचा मोह टाळा. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो घसा आणि फुप्फुसं भाजतो.

या पत्र्यावर पन्हळीचं एक टोक उभं ठेवून बाहेरून रेघ मारा, अर्धगोल कापा, कडा कानशीने साफ करा. सहाही पन्हळींना एका बाजूने हा अर्धगोल सोल्युशनने चिकटवायचा. सोल्युशन पीव्हीसीचा पृष्ठभाग विरघळवून जोडतं, त्यामुळे दोन्ही बाजू आधी घासून पुसून घ्या, लावल्यावर अर्धा मिनिट दाबून धरा. खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळ चूल पेटलेली नको.

दुसरं टोक उघडंच ठेवायचं. वाटी ट्रेत बसते तेव्हा तिचं उघडं तोंड मागच्या काठाला टेकतं, म्हणजे काठच तिची चौथी भिंत होतो. वाटी उचलली की तेच तोंड ओतायला मिळतं. उचलताना आधी बंद बाजू किंचित खाली झुकवायची, मग उचलायची, मग बरणीवर उलटी करायची. दोन-तीनदा केलं की हाताला सवय होते.

अर्धगोल वाटी सपाट तळावर लोळते. म्हणून प्रत्येक वाटीखाली ३ मिलिमीटर जाडीच्या दोन कामट्या, एकमेकींपासून २ सेंटिमीटरवर, मागून पुढे अशा चिकटवा. वाटी त्यांच्या मध्ये बसते आणि हलत नाही. पाच वाट्यांची रांग साडेएकतीस सेंटिमीटर भरते, ट्रेची आतली रुंदी ३३.४. उजवीकडे उरलेल्या फटीत पेटीच्या पट्टीचे दोन तुकडे चिकटवून ती बुजवा. शेवटी वाट्यांच्या पुढ्यात, त्यांना अगदी खेटून, १ सेंटिमीटर उंचीची आडवी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत लावा. ही पट्टी विसरू नका. ती वाट्या मागच्या काठाला दाबून धरते, आणि मोकळ्या जागेतले मणी वाट्यांखालच्या फटींत जाऊ देत नाही.

तोंड

तेलाच्या कॅनच्या सपाट बाजूतून ५ × ६ सेंटिमीटरचा तुकडा कापा, साबणाने तेलकटपणा घालवा. दोन्ही बाजूंनी एकेक सेंटिमीटर आत चाकूने हलकी रेघ ओढा (आरपार नको) आणि दुमडून उभ्या कडा करा. मध्ये ३ सेंटिमीटरची पन्हळ राहते. ती कोपऱ्याच्या फटीतून निम्मी आत, निम्मी बाहेर बसवायची. या प्लास्टिकला फेव्हिकॉल किंवा सोल्युशन धरत नाही, तेव्हा पितळी स्क्रूनेच आवळा: उजवी कड उजव्या काठाला, डावी कड पुढच्या काठाच्या टोकाला. आतली कड तळाशी चपटी बसली पाहिजे, नाहीतर बी तिच्याखाली सरकतं. कानशीने ती कड धारदार उतरती करा.

रोज निवडताना तोंड बंद हवं. तेवढ्यासाठी लाकडाचा ३ सेंटिमीटरचा तुकडा घट्ट बसेल असा घासून घ्या आणि सुतळीने काठाला बांधून ठेवा, म्हणजे हरवत नाही.

गळतीची परीक्षा

रंग लावायच्या आधी ट्रेत मूठभर नाचणी टाका. नाचणीचा दाणा मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा, लाल माठाचं बी त्याहून लहान. ट्रे चारी दिशांना वाकवा, खालून टकटक करा. जिथून दाणा पळाला किंवा जिथे अडकला तिथे पेन्सिलीने खूण करा. त्या फटीत भुसा-फेव्हिकॉलचं मिश्रण भरायचं. वाट्यांचीही परीक्षा घ्या: वाटीत नाचणी घालून ती मागच्या काठाला टेकवा, दाणे गळत असतील तर उघड्या टोकाची कड सपाट फळीवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासा. नाचणी अडली की स्क्रू, मणी, बटणं, काहीही अडतं.

रंग आणि तेल

तळाची मोकळी जागा निम्मी पांढरी, निम्मी काळी रंगवा. गंजलेला स्क्रू पांढऱ्यावर चटकन दिसतो, काकडीचं पांढुरकं बी काळ्यावर. चकचकीत रंग नको. ट्यूबलाइटखाली चमकतो आणि डोळे दुखतात. काळ्यासाठी शाळेच्या फळ्याचा रंग उत्तम. पॅडच्या कडा आणि खालची बाजू ऑइलपेंटने नीट बंद करा, दोन हात द्या. हार्डबोर्ड पाणी पितो तो कडेतूनच, आणि एकदा फुगला की परत बसत नाही.

लाकडी काठांना बेलतेलाचे दोन पातळ हात, मध्ये एक दिवस सोडून. तेल लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी जादा तेल पुसून घ्या, नाहीतर काठ चिकट राहतो. पुसलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना तापतं आणि गोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा. काजूच्या टरफलांचं तेल होड्यांच्या लाकडाला लावायची चाल आहे आणि त्या कामाला ते चांगलंच, पण ट्रेला मुळीच नको. ते कातडीवर उततं, आणि हा ट्रे रोज हाताळायचा आहे.

हे सगळं मे महिन्यात करा. पावसाळी हवेत रंग दिवसेंदिवस ओला राहतो.

निवडायची रीत

ढीग लहान घ्या, एका वेळी मूठ-दीड मूठ. अख्खा डबा ट्रेत उलटा केला की मोकळी जागा संपते आणि ट्रेचा उपयोगच उरत नाही.

पहिला हात चुंबकाचा. जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून ढिगावरून फिरवा. लोखंड पिशवीला चिकटतं. वाटीवर नेऊन पिशवी उलटी करत चुंबक बाहेर ओढलं की सगळं वाटीत गळून पडतं. मागे राहतं पितळ, शिसं, प्लास्टिक आणि बहुतेक स्टेनलेस. ही वाटणी खाऱ्या हवेत महत्त्वाची आहे, कारण बाहेरच्या कामाला, म्हणजे गेट, पत्रे, पंपाची चौकट यांना स्टेनलेस किंवा पितळ वापरायचं आणि साधं लोखंड घरातल्या कामाला ठेवायचं.

दुसरा हात मोठ्या वस्तूंचा. मोठ्या उचलल्या की बारीक आपोआप दिसतात. नट-बोल्ट असतील तर जुन्या प्लास्टिकच्या फूटपट्टीत ४, ५, ६, ८ आणि १० मिलिमीटरची भोकं पाडून ठेवा. बोल्ट ज्या सगळ्यात लहान भोकातून जातो ते त्याचं माप. ६ च्या बोल्टला सहसा १० चा पाना लागतो, ८ च्या बोल्टला १३ चा. तेही पट्टीवर भोकाशेजारी लिहून ठेवा. आटे बसलेत की नाही ते लगेच नट फिरवून बघा. आटे गेलेला बोल्ट जपून ठेवण्यात काही अर्थ नाही, तो भंगारात.

पाच वाट्यांतली एक कायम "नंतर बघू" म्हणून मोकळी ठेवा. एखादी वस्तू कुठली हे कळत नाही म्हणून हात थांबला की सगळं काम रेंगाळतं. आणि वाटणी आकारापेक्षा कामावरून करा असं माझं मत आहे. दाराच्या कडी-कोयंड्याचे स्क्रू, बिजागऱ्या आणि कोयंडा एका बरणीत असले तर दुरुस्तीच्या वेळी एकच बरणी उचलावी लागते.

गळ निवडताना एकेक उचलायला जाऊ नका. ट्रेच्या तळाखाली चुंबक धरून सरकवा, गळ एकमेकांतून सुटत जातात आणि बोटं वाचतात. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुवा, आणि ज्या ट्रेत शिसं निवडलं त्यात बी-बियाणं किंवा खायचं काही कधीच निवडू नका. शिसं विषारी आहे, त्याची पूड रंगात बसते. मासेमारीचा ट्रे वेगळा करून त्यावर ठळक लिहून ठेवणं चांगलं. किनाऱ्यावरून वेचून आणलेलं काहीही, शिंपला असो की पितळी कडी, आधी गोड्या पाण्यातून काढून वाळवा. मीठ ट्रेत आणू नका. घरात लहान मूल असेल तर घड्याळाचे चपटे सेल आणि छोटी चुंबकं निवडली की लगेच झाकणाच्या बरणीत बंद करा. गिळले गेले तर सेल अन्ननलिका भाजतात आणि चुंबकं आतडं फाडतात.

गंजलेले स्क्रू व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून, खायच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन, वाळवून, शिलाई मशीनच्या तेलाचा हात दिला तर बरेचसे कामाला येतात. आपल्याकडे आंबट म्हणून कोकमाचं आगळ हाताशी असतं, पण आगळात मीठ असतं, त्यामुळे गंज जाण्याऐवजी वाढतो. खोबरेल तेलही नको, काही महिन्यांत चिकट होतं.

घाई असेल, किंवा एका दुपारपुरतंच काम असेल, तर पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचा रुंद देठ, घ्या. पाण्यात भिजवून मऊ झाली की दोन ताटांत दाबून वर वजन ठेवा आणि उन्हात वाळवा. हलकं, गोल तळाचं ताट मिळतं. उन्हाळ्यात बियाण्याला छान, पावसात बुरशी धरतं.

पावसाळा उतरला, साधारण दिवाळीच्या आवराआवरीत, की ट्रे एकदा उलटा करून बघा. पॅडच्या कडेचा रंग कुठे सुटला असेल तर तिथे हात द्या, काठांना बेलतेलाचा एक पातळ हात फिरवा. तोंडाचं प्लास्टिक दोन-तीन वर्षांत दुमडीवर चिरतं. स्क्रू सैल करून नवा तुकडा लावायला दहा मिनिटं पुरतात, म्हणून तेलाचा एखादा कॅन फेकायच्या आधी त्याची एक सपाट बाजू कापून ठेवा.